आणखी कोणतं नाव

फोन आला तेव्हा मी घोडा लिहीत होते. चिनी लिपीत घोडा तीन रेघांत होतो, पण त्या तीन रेघा ठरलेल्या क्रमानेच काढाव्या लागतात. उलटसुलट काढल्या तरी दिसायला तेच दिसतं, आमच्या चिनीच्या जान्हवी मॅडमना मात्र बरोबर कळतं. कसं कळतं ते त्यांनी दोन वर्षांत सांगितलेलं नाही. मला तर वाटतं की त्यांना कळत नाही, त्या नुसत्या म्हणतात. एप्रिलची दुपार होती. वाकोल्याच्या आमच्या गावठाणात दुपारी एक ते चार फक्त विमानं जागी असतात. अनोळखी नंबर मी उचलत नाही, पण त्या दिवशी कुरियरवाला यायचा होता म्हणून उचलला. पलीकडे जाडसर आवाज. त्याने आधी माझं नाव वाचायचा प्रयत्न केला. जेनेव्हिव्ह हे नाव सरकारी माणसाच्या तोंडात कधी नीट बसत नाही. याने तीनदा सुरुवात केली आणि शेवटी सरळ 'मिस्किटा मॅडम' म्हणाला. तो हवालदार कुंडलिक, मानखुर्दकडच्या ठाण्यातून बोलत होता. सुयोग दशरथ घाडी यांनी पासपोर्टसाठी अर्ज केलाय, ओळखीच्या दोन व्यक्ती लिहायच्या असतात त्यात तुमचं नाव आहे, तेव्हा दोन मिनिटं चौकशी करायची आहे, असं तो म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. दिवसाला असे वीस फोन करत असेल बिचारा. पण मी आधी पेन्सिल खाली ठेवली आणि वही मिटली. तो फोनमधून वही बघणार नव्हता हे मला कळत होतं, तरी मिटली.

पोलीस म्हटलं की निर्दोष माणूससुद्धा आधी स्वतःचे खिसे चाचपतो, असं माझे पप्पा म्हणतात, आणि त्यांना ठाऊक असणारच. पप्पा, म्हणजे बॅप्टिस्ट मिस्किटा, तीस वर्षं विमानतळावरच्या मालाच्या गोदामात होते. रोज सुटताना गेटवर झडती. हात वर, डब्याचं झाकण उघडं. घरी आले की ते आमची दप्तरं उघडून बघायचे. रागाने नाही, सवयीने. हा खोडरबर कोणाचा, ही पट्टी तुझीच का. पहिलीत असल्यापासून मला माझ्याच वस्तू माझ्या आहेत हे सिद्ध करून दाखवायची सवय लागली. तर मीही त्या क्षणी खिसे चाचपले. माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप होतं, सरकारने बंदी घातलेलं. वर्गातल्या निम्म्यांकडे आहे, दुसऱ्या रस्त्याने चालू करून घेतलेलं. त्यावर चेंगडूची एक मुलगी माझं चिनी सुधारायची आणि मी तिचं इंग्रजी. एकदा तिने विचारलं, तुझ्या खिडकीतून काय दिसतं. मी फोटो पाठवला: शेजारच्यांचं कौलारू घर, आंबा, आणि वर उतरणाऱ्या विमानाचं पांढरं पोट. तिने हसरे चेहरे पाठवले आणि विचारलं, दिवसाला अशी किती जातात. मी लिहिलं, दर दोन-तीन मिनिटांनी एक. त्या वेळी मला ते गमतीचं वाटलं होतं. आता हवालदार कुंडलिक पलीकडे कागद चाळत होता, आणि किती विमानं जातात हे कोणाला कशाला हवं असेल हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. मी आत, मोरीच्या दाराशी गेले, म्हणजे मम्मीला ऐकू जाणार नाही.

त्यात सुयोगने माझं नाव लिहिलंच का? मला न विचारता? सुयोग घाडी हा दोन वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा. मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो, वडील माहुलला तेलाच्या टाक्या रंगवणाऱ्या कंत्राटदाराकडे आहेत, मूळ गाव मालवणकडे. पदविकेच्या वर्गात आम्ही अकरा जण. जान्हवी मॅडमनी तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला चिनी नाव दिलं आणि नियम केला की या उंबऱ्याच्या आत घरचं नाव आणायचं नाही. चुकून कोणी घरच्या नावाने हाक मारली तर त्याने उभं राहून चिनीतले चारी स्वर म्हणायचे, हाताने हवेत चढ-उतार दाखवत. सुयोग झाला गाओ युआन. गाओ म्हणजे उंच आणि युआन म्हणजे दूर. सुयोग पाच फूट तीन इंच. वर्ग हसला, तो सगळ्यांत जास्त हसला, आणि ते नाव त्याला असं चिकटलं की कँटीनमध्ये, बसस्टॉपवर, सगळीकडे तो गाओ युआनच. माझं नाव मो जेन. जेन म्हणजे मौल्यवान, मॅडम म्हणाल्या. मो हे नुसतं आडनाव, त्याचा अर्थ बघायचा नाही. बघायचा नाही म्हटल्यावर मी त्याच दिवशी शब्दकोश उघडला. मो म्हणजे नको. मी महिनाभर विचार करत होते की मॅडमनी मला हेच का द्यावं. सुयोगला सांगितलं तर तो म्हणाला, अगं झकास आहे ना, चीनमधली एवढी मोठी लोकं हेच आडनाव लावतात. त्याला कुठल्याही गोष्टीत काही दिसतच नाही. चिनी नववर्षाला आम्ही विभागात मोदकासारखी, पण मिठाची, उकडलेली डंपलिंगं केली होती; मी घरून बॉटल मसाला घालून खिमा नेला होता. मी स्वतः दुसऱ्यांनी केलेली प्रत्येक पारी काट्याने उघडून आत काय आहे ते बघून खात होते. सुयोगने चौदा खाल्ली आणि मग विचारलं, यात काय होतं गं. अशा माणसाचं काय करायचं ते मला कधी कळलं नाही. एक तर तो खरंच असा असेल, नाहीतर फार हुशार.

आणि जागा एकच होती. चीनमधल्या खुनमिंगच्या विद्यापीठात एक वर्ष, शिकणं-राहणं त्यांच्याकडे. आमच्या विभागाला एक नाव पाठवायचं होतं आणि एक प्रतीक्षेत ठेवायचं. मार्चमध्ये मॅडमनी फळ्यावर लिहिलं: गाओ युआन. त्याखाली, लहान अक्षरांत, मो जेन. मला वाईट वाटलं असं मी तेव्हा म्हणाले नाही. आता म्हणते: मला इतकं वाईट वाटलं की घरी चालत गेले, विद्यापीठाच्या कलिन्याच्या गेटपासून वाकोल्यापर्यंत, आणि वाटेत एकही दुकान मला दिसलं नाही. माझी अक्षरं त्याच्यापेक्षा चांगली. माझे स्वर त्याच्यापेक्षा चांगले. तो फक्त बोलतो, चुका करत, हसत, थांबतच नाही, आणि म्हणे भाषा अशीच येते. शिवाय माझ्याकडे पासपोर्ट होता, एव्हलिन आंटीकडे बहारीनला जाऊन आले होते तेव्हाचा. त्याच्याकडे तोही नव्हता. एकोणीस मेपर्यंत पासपोर्टची प्रत गेली नाही तर नाव आपोआप खाली सरकतं, एवढं मॅडम जाता जाता बोलल्या होत्या. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं होतं. तर आता ज्याचा पासपोर्ट अडला तर माझं भलं होणार, त्यानेच पोलिसांना माझं नाव का द्यावं? मोरीच्या दाराशी उभी राहून मला याचं एकच उत्तर सुचत होतं, की मला यात कुठेतरी गुंतवायचंय. उद्या काही झालं तर मी त्याची साक्षीदार. त्या घाईत मला हे खरंच पटलं होतं.

हवालदाराने नेहमीचे प्रश्न विचारले. किती वर्षं ओळखता. काय करतो. चालचलणूक कशी. मी म्हणाले, दोन वर्षं, शिकतो, बरी आहे. चांगली म्हणायला काय जात होतं? पण बरी म्हणाले. काय शिकतो, त्याने विचारलं. चिनी. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता याचा पुढचा प्रश्न असणार की तुम्ही काय शिकता. माझ्या हातातला फोन मला गरम लागायला लागला. पण त्याने कागदावरचा पुढचा प्रश्न विचारला.

"आणखी कोणत्या नावाने ओळखतात का त्याला?"

"हो," मी म्हणाले. "एक चिनी नाव आहे त्याचं. गाओ युआन."

"कोण हाक मारतं या नावाने?"

"काही लोक."

स्पेलिंग विचारलं, ते मी सांगितलं. एकेक अक्षर, सावकाश. तो आभारी आहे म्हणाला आणि फोन ठेवला. चार मिनिटं अकरा सेकंद. मी त्यातला एकही शब्द खोटा बोलले नव्हते. कोणीही ती चार मिनिटं पुन्हा ऐकवली असती तरी मला कुठे पकडता आलं नसतं, आणि मला तेव्हाच हे सुचलं होतं, फोन कानाला असतानाच. वर्गातली मुलं, असं म्हणता आलं असतं. आम्हा अकराही जणांना अशी नावं आहेत, मॅडमनी ठेवलीत, माझंही आहे, असं म्हणता आलं असतं. एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात माझं नाव आलं असतं, आणि माझ्या नावाच्या मागोमाग माझा फोन, आणि फोनमध्ये विमानाचं पोट. म्हणून मी काही लोक म्हणाले. हे मी स्वतःला अनेकदा सांगून बघितलं आहे आणि ते खरंही आहे. फक्त फोन ठेवल्यावर मला जे वाटलं त्यात भीतीबरोबर आणखी एक काहीतरी होतं, आणि ते आनंदासारखं होतं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

मम्मी, तेरेसा मिस्किटा, हिला घरात कुठे काय कुजबुजलं ते भिंतीतून कळतं. कोन होता गो, तिने आतून विचारलं. कुरियरवाला, मी म्हणाले. मग मी ते अ‍ॅप काढून टाकलं, चेंगडूच्या मुलीचा निरोपसुद्धा न घेता. ती बिचारी अजून माझ्या उत्तराची वाट बघत असेल, किंवा मुलगी नसेलच, कोण जाणे. फोटो पुसला, पुसलेल्यांच्या टोपलीतूनही पुसला. मग पुन्हा घोडा लिहायला बसले. तो पानभर उतरला, पण एकही धड आला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर सुयोगच म्हणाला, अगं सांगायचं राहिलं, पासपोर्टच्या फॉर्मवर तुझं नाव टाकलंय, फोन येईल बहुतेक. आला होता, मी म्हणाले. काय विचारलं? मी म्हणाले, विचारलं कसा मुलगा आहे, सांगितलं बरा आहे. तो हसला, म्हणाला थोडं चढवून सांगायचंस ना यार. एवढंच. मी त्याचा चेहरा बघत राहिले, आणि तो बॅगेत पाण्याची बाटली शोधत होता. मला न विचारता नाव का टाकलं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काहीतरी साधं सांगितलं असतं, आणि त्या साध्या उत्तराचं मी काय केलं असतं? पुढचे तीन आठवडे मी त्याच्यावर नजर ठेवली. माणूस चोर असला की तो दुसऱ्याच्या हालचाली बघतो हे मला पप्पांकडून कळायला हवं होतं. तो उशिरा आला की मला वाटायचं, ठाण्यात बोलावलं असेल. तो फोनवर हळू बोलला की वाटायचं, माझ्याबद्दल. त्याने माझ्यासाठी चहा आणला तर तो का आणला. एक दिवस कँटीनमध्ये ट्रेव्हरने, आमच्याच वर्गातल्या पोराने, लांबून गाओ युआन अशी आरोळी मारली, तर सुयोग पटकन म्हणाला, सुयोग म्हण ना रे बाहेर. ट्रेव्हर म्हणाला, का, मोठा साहेब झालास का. सगळे हसले. मी हसले नाही, आणि सुयोगने ते पाहिलं असं मला वाटलं. पाहिलं का? की मीच तसं धरून चालले? तेव्हापासून तो वर्गात माझ्या शेजारी तसाच बसायचा, तसाच बोलायचा, जुन्या सवयीने माझी वही ओढून घ्यायचा, आणि मला त्या तसेपणाचाच राग यायचा. माहीत असेल तर बोलत का नाही? माहीत नसेल तर इतके दिवस पासपोर्ट का आला नाही हे त्याला कळत कसं नाही?

मे उजाडला आणि जान्हवी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर कायम पाण्यात भिजवलेला कुंचला आणि राखाडी कापड असतं, पाण्याने लिहायचं, दोन मिनिटांत अक्षर सुकून कापड कोरं. सरावाला चांगलं, कागद लागत नाही. त्या बोलता बोलता त्यावर रेघा ओढत होत्या. म्हणाल्या, गाओ युआनच्या पासपोर्टचं काहीतरी अडलंय, पोलिसांचा अहवाल विरुद्ध गेलाय म्हणे, का ते तोही नीट सांगत नाही. तू आपली तयारी ठेव. मग कुंचला थांबवून म्हणाल्या, "त्याच्याबद्दल असं कोण काय सांगणार गं? ते पोर मुंगीवर पाय देत नाही." मला वाटलं, त्यांना माहीत आहे. मग वाटलं, नाही, त्या तर सगळ्यांशी अशाच बोलतात. मी म्हणाले, काय माहीत मॅडम. बाहेर आले, जिना उतरले, आणि खाली गुलमोहराच्या चौथऱ्यावर बसून मला रडू आलं आणि त्याच वेळी मी मनात बॅग भरत होते. खुनमिंगला थंडी फार नसते. स्वेटर एक पुरेल. रडणं खरं होतं आणि स्वेटरही खरा होता. त्या दोन्हींचा एकमेकांशी काही झगडा नव्हता, याचीच मला भीती वाटली.

दहा मेला, रविवारी, सुयोगचा मेसेज आला. घरी येशील का, एका कागदाचं काम आहे, पासपोर्ट आणि आधार घेऊन ये. एवढंच. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मी तशीच निघाले. वाटेत मी सगळी उत्तरं तयार केली. मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं पण ते चुकीचं लिहून घेतलं. मला वाटलं तू फॉर्ममध्ये लिहिलं असशील. तिसरं उत्तर चांगलं होतं. मानखुर्दला रिक्षातून उतरेपर्यंत ते मला जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं. सातव्या मजल्यावर दार उघडंच होतं. लिफ्ट बंद, त्यामुळे मला धाप लागलेली. त्याची आई, शेवंतीकाकू, पदर खोचून घावणे घालत होत्या. मला पहिल्यांदाच बघत होत्या, पण ओळख असल्यासारख्या पुढे आल्या. "तूच मां ती?" म्हणाल्या. "माझ्या झीलान कागदार तुझा नाव घातल्यान. मी म्हटलय, वळखीचा माणूस होया, तर म्हणता आसा एक, खोटा बोलूचा नाय कधी. बस गो." मी बसले. बसायला एकच खुर्ची होती, ती मला दिली. सुयोग जमिनीवर मांडी घालून बसला, समोर प्लास्टिकच्या पिशवीत कागद.

त्याने पत्र पुढे केलं. मी वाचलं. अर्जदाराने आपले अन्य नाव लपवल्याचे पोलीस चौकशीत आढळून आले आहे, खुलासा करावा. बाकी सगळं छापील होतं, तेवढं एक वाक्य टाइप केलेलं. मी तयार केलेली तिन्ही उत्तरं तोंडाशी होती. आतून काकूंच्या तव्याचा चर्र आवाज येत होता. सुयोग काहीच विचारत नव्हता. त्याने विचारलं असतं तर मी ते तिसरं उत्तर दिलं असतं, याची मला आजही खात्री आहे. पण तो विचारेचना.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला. "दुसरं नाव खालच्या खंडूकाकांचं होतं. त्यांना फोन आलाच नाही."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे. तीन आठवडे, तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत, आईला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात त्याने बाकीचं सांगितलं. त्याला ठाण्यात दोनदा बोलावलं. एकदा तीन तास बसवलं. गाओ युआन हे नाव फॉर्ममध्ये का लिहिलं नाही असं विचारलं. तो म्हणाला, साहेब ते वर्गातलं आहे, ते काय नाव आहे का. साहेबांना वर्गातलं वगैरे काही पटेना. वडिलांना माहुलहून कामावरून बोलावून घेतलं, तेही बसले शेजारी, रंगाचे डाग असलेल्या कपड्यांनी. वडिलांनी विचारलं, बाबू, ह्या चिनी नाव काय भानगड आसा, आणि त्यांना समजावून सांगता सांगता सुयोगलाच ती भानगड वाटायला लागली. मग एवढं सांगून झाल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"ते एकच विचारत होते मला. काही लोक म्हणजे कोण. पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, काही लोक असं कोण म्हणालं? त्यांनी सांगितलं नाही. पण ते तूच म्हणाली असणार. आपल्यात असं दुसरं कोणी बोलत नाही."

मला काय वाटलं ते मी सरळच सांगते. मला लाज वाटली. इतकी की त्या एकुलत्या खुर्चीवरून उठून खाली बसावंसं वाटलं, आणि तेही करवेना. माफ कर, असं म्हणाले असेन. नक्की आठवत नाही. पिशवीतून त्याने स्टॅम्प पेपर काढला. वकिलाकडून टाइप करून आणला होता. मी खाली सही करणार, प्रतिज्ञेवर लिहून देते की, गाओ युआन हे नाव सदर अभ्यासक्रमाच्या वर्गात सर्व विद्यार्थ्यांना सरावासाठी दिले जाते, मला स्वतःलाही मो जेन असे नाव दिलेले आहे, चौकशीच्या वेळी हा खुलासा माझ्याकडून करण्यात आला नव्हता. जिच्याकडे चौकशी झाली तिनेच लिहून द्यायला हवं, असं ठाण्यात म्हणाले होते. मॅडमचं पत्र चालेना. तारखेला नऊ दिवस होते. मी तो कागद वाचला, आणि वाचता वाचता माझ्या डोक्यात हिशेब चाललाच होता, की आजचा रविवार गेलाच, पुढचा शनिवार-रविवारही जाणार, आज सही केली तरी बहुधा वेळेत होणार नाही, म्हणजे सही करूनही जागा माझीच. हे मला हवं होतं म्हणून सुचलं नाही. सुचलं, इतकंच. मी पेन मागितलं. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि खाली सही केली, आधार क्रमांक लिहिला, मोबाइल नंबर लिहिला, तारीख घातली. मॅडमना मेसेज करते, मी म्हणाले, की माझं नाव काढून टाका, वेळेत नाही झालं तरी. तो म्हणाला, ते तुझं तू बघ.

काकूंनी दोन थाळ्या आणून ठेवल्या, घावणे आणि खोबऱ्याची चटणी. "खा गो, लाजतंस कित्याक," म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून ओला हात फिरवून आत गेल्या. मी घास तोडला. सुयोगने थाळी बाजूला सरकवली आणि कागद गुडघ्यावर घेतला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तो वाचायला लागला, अगदी हळू, पहिलीतल्या मुलासारखा. दोन वर्षं त्याने माझ्या वहीतून पानंच्या पानं उतरवून घेतली होती, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा, आणि एकदाही वर मान करून विचारलं नव्हतं की हे बरोबर आहे ना. आता त्याने आधार कार्ड मागून घेतलं आणि बारा आकडे एकेक करून ताडून पाहिले. मग फोन काढून माझा नंबर त्यात शोधला आणि कागदावरच्या नंबराशी लावून बघितला. मग म्हणाला, पासपोर्ट दे. मी दिला. तो उठून खिडकीशी गेला आणि माझी तिथली सही आणि इथली सही उजेडात शेजारी शेजारी धरली.

"अरे, पोरगी जेवता हा, मगे बघ ता," काकू आतून म्हणाल्या.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो पहिल्या अक्षरापासून सही तपासत होता.